पगारातून कापलेला कर भरलाच गेला नाही: आयआरएसची थकबाकी आणि बँकेतील सही

ओकट्रीकर | १५ मार्च २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत माझी पत्नी आणि तिचे थोरले बंधू मिळून एक उपाहारगृह चालवतात. कंपनी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची, असून दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरच्या नोकरीत असल्यामुळे शनिवारी गल्ल्यावर बसण्यापलीकडे त्या धंद्यात कधी लक्ष घातले नाही. खरेदी, आचारी आणि पगार हे सगळे मेहुणे पाहतात. पत्नी आठवड्यातून दोनदा बँकेत जाते आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या चेकांवर सही करते. दादा बघतोय म्हणजे झाले, या भरवशावर सात वर्षे निघून गेली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गल्ल्याखालच्या खणात, जुन्या मेनूकार्डांच्या गठ्ठ्याखाली, आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याची, अकरा पाकिटे सापडली. चार फोडलेली होती, सात तशीच. २०२४ च्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नऊही कर्मचाऱ्यांना दर शुक्रवारी पगार मिळाला आणि पगाराच्या चिठ्ठीवर फेडरल प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांची कपातही रीतसर दिसते. परंतु कापलेली रक्कम सरकारकडे गेलीच नाही. मे महिन्यात मोठ्या फ्रीझरचा कंप्रेसर जळाला, त्याच सुमारास एका लग्नाच्या केटरिंगचे बिल अडकले, आणि मेहुण्यांनी ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून जे पैसे वळवले ते पुन्हा त्या वाटेला आलेच नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीची ९४१ ही पगाराच्या कराची विवरणपत्रे त्यांनी वेळेवर दाखल केली. चौथ्या तिमाहीचे ३१ जानेवारीपर्यंत जायला हवे होते, ते अजून गेलेले नाही.

एका तिमाहीचा एकूण पगार साधारण ९०,००० डॉलर असतो. त्यातून प्राप्तिकराची कपात ८,१०० डॉलर, कर्मचाऱ्यांच्या हिश्शाची सोशल सिक्युरिटी ५,५८० आणि मेडिकेअर १,३०५, आणि मालकाचा तेवढाच हिस्सा म्हणजे आणखी ६,८८५. एका तिमाहीचे देणे २१,८७० डॉलर आणि तीन तिमाहींचे ६५,६१०, दंड आणि व्याज सोडून.

आता रेव्हेन्यू ऑफिसरचे, म्हणजे आयआरएसच्या वसुली अधिकाऱ्याचे, पत्र आले आहे. १० एप्रिलला भेट ठरली असून कंपनीच्या मालमत्तेची माहिती देणारा ४३३-बी हा फॉर्म भरून आणायचा आहे, आणि पत्नी व मेहुणे या दोघांच्या स्वतंत्र मुलाखती होणार आहेत. धंदा एलएलसीच्या नावावर असताना हे देणे पत्नीच्या अंगावर येऊ शकते का? आमचे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे.

ह्यूस्टनवासी | १६ मार्च, सकाळी ७:०५

एलएलसीचे कर्ज एलएलसीपाशी राहते, त्यासाठीच तर ती काढतात. माझ्या ओळखीच्या एका मोटेलवाल्याने जुनी कंपनी बंद करून बायकोच्या नावाने नवी काढली आणि त्याच जागी धंदा सुरू ठेवला. तुम्हीही एखाद्या वकिलाला त्याबद्दल विचारून पाहा.

जुने_वहीखाते | १६ मार्च, सकाळी १०:३०

ह्यूस्टनवासी, क्षमा असावी, पण हा सल्ला कोणी ऐकू नये. मी एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएससमोर करदात्यांची बाजू मांडणारा परवानाधारक, म्हणून एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे आणि या एका प्रकारच्या थकबाकीत जितकी घरे अडचणीत आलेली पाहिली तितकी प्राप्तिकराच्या थकबाकीत पाहिली नाहीत.

ओकट्रीकर, तुमच्या २१,८७० डॉलरमध्ये दोन वेगवेगळे पैसे आहेत. मालकाच्या हिश्शाचे ६,८८५ हे कंपनीचे देणे आहे. उरलेले १४,९८५ कर्मचाऱ्यांचे आहेत. कंपनीने ते कापून घेतले त्या क्षणापासून करकायद्याच्या कलम ७५०१ प्रमाणे ती ते सरकारच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळत होती. म्हणूनच या भागाला ट्रस्ट फंड म्हणतात. मालकाने तो भरला नाही तरी कर्मचाऱ्याला त्याच्या कपातीचे श्रेय मिळतेच. म्हणजे सरकारने न आलेल्या पैशाची पावती फाडलेली असते, आणि त्यामुळेच ते या भागाच्या मागे हात धुऊन लागते.

कलम ६६७२ एलएलसीची भिंत नेमकी याच भागापुरती ओलांडते. ज्या व्यक्तीकडे हा कर भरण्याची जबाबदारी होती आणि जिने तो जाणूनबुजून भरला नाही, तिच्याकडून ट्रस्ट फंडाची शंभर टक्के रक्कम व्यक्तिशः वसूल करता येते. तुमच्या बाबतीत ती तीन तिमाहींची मिळून ४४,९५५ डॉलर होते. ‘ट्रस्ट फंड रिकव्हरी पेनल्टी’ या नावात दंड असला तरी ही वेगळी रक्कम नव्हे. एकच पैसा कंपनीकडून, मेहुण्यांकडून किंवा तुमच्या सौभाग्यवतींकडून, जिथून निघेल तिथून काढला जातो. कंपनी बंद केली तरी ही जबाबदारी माणसाबरोबर जाते आणि दिवाळखोरीतही ती माफ होत नाही. नवी कंपनी काढून पुन्हा तेच करणाऱ्यांसाठी आयआरएसमध्ये पिरॅमिडिंग असा शब्दच रूढ आहे, आणि जाणूनबुजून कर न भरणे हा कलम ७२०२ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. फौजदारी खटले थोडेच होतात, पण कंपन्या बदलत राहणारा माणूस त्यांच्या यादीत वर सरकतो.

आता सौभाग्यवतींचा प्रश्न. निम्मी मालकी आणि चेकवर सही करण्याचा अधिकार या दोन्हींमुळे त्यांना जबाबदार व्यक्ती ठरवणे अवघड नाही. खरा प्रश्न ‘जाणूनबुजून’ या शब्दाचा आहे. त्यासाठी वाईट हेतू लागत नाही. कर थकला आहे हे माहीत असताना दुसऱ्या कोणाला पैसे दिले एवढे पुरते. म्हणून मला तुमच्याकडून एकच तारीख हवी आहे. पाकिटे सापडल्यानंतर त्यांनी कोणते चेक दिले?

ओकट्रीकर | १६ मार्च, दुपारी १:१५

काका, तुमचा प्रश्न वाचून आम्ही दोघे चेकबुक घेऊन बसलो. १७ जानेवारीला भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याला १,८४० डॉलर, २० तारखेला जागेचे भाडे, आणि त्यानंतर आजपर्यंत एकूण चौदा चेक. प्रत्येकावर तिची सही आहे. भाजी आली नाही तर शनिवारी स्वयंपाक कशाचा करायचा, एवढाच विचार तेव्हा होता. २०२५ मध्ये कापलेला करही अद्याप भरलेला नाही. शिवाय रेव्हेन्यू ऑफिसरच्या पत्राआधी एक रजिस्टर्ड पत्र आले होते, त्यावर २४ फेब्रुवारी ही तारीख असून ‘जप्तीचा अंतिम इशारा’ अशा अर्थाचे शीर्षक आहे.

जुने_वहीखाते | १६ मार्च, दुपारी ३:५०

ते रजिस्टर्ड पत्र प्रथम हातात घ्या. त्यातील तारखेपासून तीस दिवसांच्या आत, म्हणजे २६ मार्चपर्यंत, १२१५३ हा फॉर्म पाठवून सुनावणी मागता येते. तुमच्याकडे दहाच दिवस आहेत. मागणी वेळेत गेली तर त्या तिमाहींसाठी सुनावणी होईपर्यंत सामान्यतः बँक खात्यावर टाच येत नाही. पगाराच्या कराबाबत याला एक अपवाद आहे: मागच्या दोन वर्षांत अशीच सुनावणी मागून झाली असेल तर आयआरएस आधी जप्ती आणि मग सुनावणी असे करू शकते. तुम्ही पहिल्यांदाच मागत असल्यामुळे तो लागू होत नाही. मुदत चुकली आणि खात्यावर टाच आली तर बँक पैसे एकवीस दिवस अडकवून ठेवते आणि मग सरकारला देते. तेवढ्या काळात पगाराचे चेक परत जायला लागतात आणि आचारी दुसरीकडे कामाला लागतात. धंदा बुडतो तो बहुधा त्या तीन आठवड्यांत.

चौदा चेकांबद्दल खोटा दिलासा देत नाही. १७ जानेवारीनंतरचे प्रत्येक देणे त्यांच्या विरुद्ध वाचले जाईल. त्या आधीच्या काळात त्यांना माहीत नव्हते हे सिद्ध झाले तरी निम्म्या मालक म्हणून त्या तेव्हाही जबाबदार होत्या. त्यामुळे कळल्यानंतर हाताशी असलेला मोकळा पैसा जुन्या थकबाकीकडे वळवणे हे त्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालये मानत आली आहेत. बाहेरून नव्याने धंदा ताब्यात घेणाऱ्याला १९७८ च्या स्लोडॉव्ह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी सवलत दिली, ती आधीपासून मालक असलेल्याला मिळत नाही.

घराबद्दल: न्यू जर्सीत नवरा-बायकोच्या संयुक्त मालकीला एका जोडीदाराच्या धनकोंपासून बरेच संरक्षण असते, परंतु फेडरल कराचा बोजा त्या जोडीदाराच्या हक्कावर चढू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये क्राफ्ट खटल्यात ठरवले आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असल्यासारखे समजा. घर कोणी लगेच काढून घेत नाही, पण विकताना किंवा कर्ज बदलताना तो आडवा येतो.

आणखी एक गोष्ट कदाचित कडू लागेल. सौभाग्यवती आणि मेहुणे यांनी एकच सल्लागार घेऊ नये. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो की कोणते बिल द्यायचे आणि कोणते थांबवायचे हे कोण ठरवत होते, आणि त्या प्रश्नाला भाऊ-बहिणीची प्रामाणिक उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध जातात. कंपनीसाठी एक आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र, असे २८४८ चे अधिकारपत्र करा. प्रतिनिधीशिवाय मुलाखत देण्याची सक्ती नाही.

कारकूनबाई | १६ मार्च, रात्री ९:२०

काकांनी सांगितलेल्या मुलाखतीतून मी गेले आहे, म्हणून लिहिते. मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात हिशेब लिहायचे आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून चेकवर सहीही करायचे. दवाखान्याच्या पाच तिमाही थकल्या आणि ४१८० हा फॉर्म घेऊन अधिकारी माझ्यासमोर बसला. बँकेत सही कोणाची, ईएफटीपीएसचा (कर ऑनलाइन भरण्याच्या सरकारी व्यवस्थेचा) पासवर्ड कोणाकडे, नोकर कोण ठेवतो आणि काढतो, ९४१ वर कोणी सही केली, कर थकल्याचे तुम्हाला केव्हा आणि कसे कळले, असे प्रश्न एकामागून एक आले आणि उत्तरे त्यानेच त्या फॉर्मवर लिहिली. शेवटी सही करण्याआधी मी ते सगळे वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती करून घेतली. ‘देयके मी ठरवत असे’ आणि ‘देयके मी तयार करत असे’ यांत माझे घर राहणे आणि जाणे एवढे अंतर होते.

मी सुटले ते माझ्या ईमेलमुळे. दर गुरुवारी मी डॉक्टरांना देण्यांची यादी पाठवत असे आणि त्यांचे उत्तर येई: आधी लॅबचे बिल, मग भाडे, आयआरएसचे पुढच्या वेळी. अशी एकवीस उत्तरे छापून नेली होती. मालकी नसलेल्या आणि स्वतःचा निर्णय न चालवता वरिष्ठांच्या हुकुमाने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर ही वसुली लादू नये, असे आयआरएसचे स्वतःचेच धोरण आहे, हे मला माझ्या प्रतिनिधीने सांगितले. ओकट्रीकर, तुमच्या पत्नी मालक आहेत, त्यामुळे ही वाट त्यांना नाही. पण जे काही लेखी असेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मराठीतले निरोपसुद्धा, ते आत्ताच जपून ठेवा.

पेठेतला_लेखापाल | १७ मार्च, सकाळी ८:१०

पुण्याहून लिहितो आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने. कलमे निराळी असली तरी इथे तत्त्व तेच आहे. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचा त्याचा हिस्सा कापून मालकाने तो भरला नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा मानला जातो आणि कायद्यात तसे स्पष्टीकरणच जोडलेले आहे. टीडीएस कापून न भरल्यास महिन्याला दीड टक्का व्याज लागते. माझ्याकडे येणारे कारखानदार बँकेच्या हप्त्याला घाबरतात आणि पीएफला नाही, कारण बँकेचा माणूस लगेच फोन करतो आणि पीएफवाले दोन वर्षांनी येतात. तिकडेही असेच होत असावे असे वाटते.

कारखाना_मिशिगन | १७ मार्च, संध्याकाळी ६:४५

तसेच होते, आणि त्यामागे केवळ बेफिकिरी नसते, हे कोणीतरी मांडायला हवे. मी चौदा माणसांचे मशीन शॉप चालवतो आणि मोटारींचे सुटे भाग करून देतो. माझे गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देते. मला मात्र शुक्रवारी पगार केला की त्यावरचा कर पुढच्या बुधवारपर्यंत भरावा लागतो. म्हणजे ज्या कामाचे पैसे अजून आलेले नाहीत त्या कामावरच्या पगाराचा कर पाच दिवसांत द्यायचा. बँकेने कर्जमर्यादा कमी केली की खेळत्या भांडवलाचा सर्वात जवळचा, कुठलाही अर्ज न भरता मिळणारा साठा म्हणजे हाच कापलेला कर. हात तिकडे जाणे चूक आहे हे मला मान्य आहे, परंतु छोट्या धंद्यासाठी भरणा इतक्या घाईचा ठेवून वर उशिराला दहा टक्के दंड लावणे हेही न्यायाचे नाही.

जुने_वहीखाते | १७ मार्च, रात्री ८:३०

मिशिगनकर, तुमच्या तक्रारीशी मी अर्धा सहमत आहे. १९४३ च्या कायद्याने पगारातून प्राप्तिकर कापण्याची आजची पद्धत आणली, तेव्हापासून मालक हा सरकारचा बिनपगारी वसुलीदार झाला, आणि त्याचा भार चाळीस हजार माणसांच्या कंपनीला जाणवत नाही, चौदा माणसांच्या शॉपला जाणवतो. तुमच्या उदाहरणाने ओकट्रीकरांच्या प्रकरणातली एक गाठ माझ्या लक्षात आली. आदल्या वर्षीच्या जूनअखेर संपलेल्या चार तिमाहींत एकूण कर ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर भरणा महिन्याचा, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. त्याहून अधिक असेल तर आठवड्याचा, म्हणजे शुक्रवारच्या पगाराचा बुधवारी. उपाहारगृहाचा वार्षिक कर ८७,४८० च्या आसपास येतो. मेहुणे पूर्वी तरी महिन्याने भरत होते की आठवड्याने?

दंडाचे टप्पेही इथेच लिहून ठेवतो. पाच दिवसांपर्यंत उशीर झाला तर २ टक्के, पंधरा दिवसांपर्यंत ५, त्यापुढे १०, आणि पहिल्या मागणीपत्रानंतर दहा दिवसांतही भरला नाही तर १५ टक्के. विवरणपत्रच दाखल केले नाही तर महिन्याला ५ टक्के वेगळे, कमाल २५ पर्यंत. म्हणून चौथ्या तिमाहीचे ९४१ उद्याच दाखल करा. पैसे नसले तरी कागद गेला पाहिजे. या सर्वांवर २०२५ च्या पहिल्या तिमाहीत वर्षाला ७ टक्के दराने व्याज लागते आणि ते दररोज चक्रवाढीने वाढते.

ओकट्रीकर | १८ मार्च, रात्री १०:५५

महिन्याने भरत होते, काका. २०२१ मध्ये धंदा लहान होता तेव्हा ते बरोबर होते. नंतर माणसे वाढली आणि भरण्याची तारीख तीच राहिली. म्हणजे पैसे वळवण्याआधीपासूनच थोडा दंड लागत होता, आणि ती पत्रे दंडाची आहेत हे ओळखून मेहुण्यांनी पाकिटे फोडणे बंद केले असे ते आता सांगतात. १२१५३ आज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि चौथ्या तिमाहीचे ९४१ दाखल केले. घरातून आम्ही १५,००० डॉलर उभे करू शकतो. पत्नीच्या एका मैत्रिणीने टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या कंपनीचे नाव सुचवले आहे, जी डॉलरला दहा सेंटमध्ये तडजोड करून देते म्हणतात.

टॅम्पाकर | १९ मार्च, सकाळी ६:३०

तशाच एका कंपनीला मी ६,५०० डॉलर आगाऊ दिले होते. आठ महिन्यांत त्यांनी एक अधिकारपत्र पाठवले आणि माझे फोन उचलणे थांबवले. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. तडजोडीचा अर्ज म्हणजे फॉर्म ६५६. त्याची सरकारी फी २०५ डॉलर आहे. ज्याच्याकडे कर्मचारी आहेत अशा धंद्याने चालू तिमाहीचा आणि आधीच्या दोन तिमाहींचा भरणा वेळेवर केलेला नसेल तर तो अर्ज विचारातही घेतला जात नाही. माझा भरणा तेव्हाही थकत होता, म्हणजे मला घेतले त्या दिवशीच त्यांना निकाल माहीत असणार. पैसे देण्याआधी त्यांना हा एकच प्रश्न विचारा.

फ्रेमाँटचा_दुकानदार | १९ मार्च, सकाळी ९:४०

सल्लागारांचा विषय निघालाच आहे तर कोविडकाळातील एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिटचेही (कर्मचारी कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठीच्या करसवलतीचे) सांगतो, कारण त्याचीही वसुली याच ९४१ वर बसते. एका कंपनीने माझ्या दुकानासाठी २०२१ च्या तीन तिमाहींचे, चार कर्मचाऱ्यांचे, प्रत्येकी दर तिमाहीला ७,००० डॉलर असे एकूण ८४,००० डॉलरचे क्रेडिट मागितले आणि मिळालेही. त्यांनी पंचवीस टक्के म्हणजे २१,००० डॉलर घेतले. माझे दुकान कोणत्याही सरकारी आदेशाने बंद नव्हते आणि विक्रीही पुरेशी घसरली नव्हती, हे दुसऱ्या लेखापालाने दाखवून दिले तेव्हा घाम फुटला. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ दरम्यान आयआरएसने स्वतःहून परत करणाऱ्यांसाठी दुसरी योजना उघडली होती, तीत पंच्याऐंशी टक्के म्हणजे ७१,४०० डॉलर भरून मोकळा झालो. माझ्याकडे १२,६०० उरले आणि सल्लागाराकडे २१,००० गेले, म्हणजे ‘फुकटच्या’ क्रेडिटचा मला ८,४०० डॉलरचा तोटा झाला. अर्जात त्या सल्लागाराचे नाव मात्र द्यावे लागले, तेवढेच समाधान.

सांगलीची_लेक | १९ मार्च, दुपारी १२:००

ओकट्रीकर, एक वेगळी काळजी. कराच्या मोठ्या थकबाकीमुळे अमेरिकन पासपोर्ट अडवतात असे ऐकले आहे. तुमच्या पत्नीला भारतात यावे-जावे लागत असेल तर ते बघून घ्या.

जुने_वहीखाते | १९ मार्च, संध्याकाळी ७:१५

ऐकले ते खरे आहे. व्यक्तीच्या नावे निश्चित झालेली थकबाकी व्याज-दंडासह २०२५ साठी ६४,००० डॉलरच्या वर गेली आणि बोजाची नोंद किंवा जप्ती झालेली असली, तर आयआरएस परराष्ट्र खात्याला कळवते आणि नवा पासपोर्ट किंवा नूतनीकरण अडते. ट्रस्ट फंडाची व्यक्तिगत वसुलीही त्यात धरली जाते, कंपनीचे देणे नाही. सौभाग्यवतींवर येऊ शकणारे ४४,९५५ त्या मर्यादेच्या आत आहेत, आणि मंजूर हप्ते चालू असले की ही कारवाई होत नाही.

आता त्या १५,००० डॉलरविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या धाग्यात सर्वात महत्त्वाचा निर्णय तोच आहे. आधी त्यातून जानेवारीपासूनचा चालू कर भरा. मिशिगनकरांना पटणार नाही, पण जुन्या थकबाकीला हात न लावता चालू भरणा नियमित करणे हे पहिले काम आहे, कारण त्यावाचून हप्तेही मंजूर होत नाहीत आणि तडजोडही नाही. जे उरेल ते जुन्या तिमाहींना द्या, पण तसेच पाठवू नका. काहीच न सांगता पैसे पाठवले तर आयआरएस ते स्वतःच्या सोयीने वळवते, म्हणजे प्रथम मालकाच्या हिश्शाला आणि दंड-व्याजाला, कारण तो भाग कोणा व्यक्तीकडून वसूल करता येत नाही. ट्रस्ट फंड तसाच उभा राहतो. स्वेच्छेने केलेल्या भरण्याबरोबर लेखी सूचना देण्याचा हक्क २००२ च्या एका आयआरएस कार्यपद्धतीने मान्य केला आहे. चेकबरोबर पत्र जोडा, त्यात फॉर्म ९४१, तिमाही आणि ‘ही रक्कम केवळ ट्रस्ट फंडाच्या करापोटी जमा करावी’ हे वाक्य लिहा, आणि अधिकाऱ्याच्या हाती देऊन पोच घ्या. जप्तीने गेलेल्या पैशाला हा हक्क नाही आणि मंजूर हप्त्यांनाही व्यवहारात नाही, म्हणून ते करायची वेळ हप्ते ठरण्याआधीची आहे.

२५,००० डॉलरपर्यंतच्या थकबाकीला मालमत्तेचा तपशील न देता चोवीस महिन्यांचे सोपे हप्ते मिळतात. तुम्ही त्या मर्यादेपासून लांब आहात, त्यामुळे ४३३-बी प्रामाणिकपणे भरावाच लागेल. फ्रीझरसुद्धा लिहा.

टॅम्पाकर | १९ मार्च, रात्री ९:००

पगाराचे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकले तर हा ताप संपेल का?

जुने_वहीखाते | २० मार्च, सकाळी ८:००

ताप कमी होईल, जबाबदारी जाणार नाही. साध्या पेरोल कंपनीने तुमच्या खात्यातून कर काढून घेतला आणि भरला नाही, तरी आयआरएस तुमच्याकडेच येते. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन पार्कची मायपेरोलएचआर एकाएकी बंद पडली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या खात्यात आलेला पगारसुद्धा परत खेचला गेला होता. आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओ प्रकारच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर स्वतःच्या नावावर घेणाऱ्या, कंपनीने दिलेल्या पगाराच्या कराची जबाबदारी तिच्याकडे जाते, पण तिचे शुल्क नऊ माणसांच्या उपाहारगृहाला जड होईल. साधी पेरोल कंपनी घ्या, ईएफटीपीएसवर स्वतःचे खाते उघडून दर बुधवारी स्वतः पाहा, आणि आयआरएसकडच्या नोंदीतला पत्ता त्या कंपनीचा होऊ देऊ नका. नाहीतर पाकिटे दुसऱ्याच्या खणात जातात.

ओकट्रीकर | २८ एप्रिल, रात्री ११:१०

सर्वांचे आभार मानून पुढचे कळवतो. १० एप्रिलची भेट दोन तास चालली. पत्नीने मुलाखत स्वतंत्र प्रतिनिधीसोबत दिली आणि १७ जानेवारीच्या चेकाबद्दल विचारले तेव्हा जे झाले ते तसेच सांगितले. मेहुण्यांनी देयके मीच ठरवत होतो असे स्वतःहून लिहून दिले. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला आले होते. फारसे कोणी बोलले नाही, पण आले.

पहिल्या तिमाहीचा पूर्ण कर उशिराने का होईना भरला असून तिचे ९४१ आज दाखल केले. त्यासाठी मेहुण्यांनी त्यांची व्हॅन विकली आणि त्यांच्या हिश्शाचे पैसे वेगळे आणले, त्यामुळे आमच्या १५,००० पैकी ९,२०० शिल्लक राहिले. ते काकांनी सांगितलेल्या वाक्यासह दुसऱ्या तिमाहीच्या ट्रस्ट फंडापोटी दिले आणि पत्राच्या प्रतीवर अधिकाऱ्याची सही घेतली. उपाहारगृहाची आधीची तीन वर्षे दंडमुक्त नसल्यामुळे पहिल्या चुकीची माफी मिळणार नाही, असे प्रतिनिधी म्हणतात. व्यक्तिगत वसुलीच्या प्रस्तावाचे पत्र, ११५३, दोघांनाही येईल असे अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितले आहे, आणि ते आले की अपिलाला साठ दिवस मिळतील. हप्त्यांचा निर्णय ४३३-बी तपासल्यानंतर.

गेले सहा शुक्रवार पगार झाला की पत्नी त्याच रात्री, भांडी घासायच्या आवाजात, गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून कर भरते आणि पावतीचा क्रमांक मागच्या दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहिते. तिचा एक प्रश्न आहे: बँकेच्या सहीच्या कार्डावरून तिने आता आपले नाव काढून घ्यावे का?

जुने_वहीखाते | २९ एप्रिल, सकाळी ७:४५

काढू नका. आज नाव काढल्याने २०२४ च्या तीन तिमाहींत काहीही बदलत नाही, आणि शुक्रवारी रात्री कर भरण्याचा अधिकार मात्र जातो. कार्डावर सही राहू द्या, आणि त्या कॅलेंडरचे दर महिन्याचे पान फाडून न टाकता जपून ठेवा. अपिलात लागेल.